आमझिरीची खोली

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. खामगावात मुलींच्या शाळेत कौशल्याबाई तिसरीचा वर्ग शिकवायच्या. बाईंनी पंचेचाळिशी ओलांडली होती. थोरली मुलगी लग्नाला आली होती, धाकटा मॅट्रिकला होता. अशा बाईंनी एका श्रावणात जाहीर केलं की यंदाची दिवाळीची सुट्टी आपण सातपुड्यात पायी हिंडून घालवणार. शाळेतल्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत.

त्यांचं माहेर संग्रामपूरकडचं. शेताच्या उत्तर टोकाला उभं राहिलं की निळा डोंगर आडवा पसरलेला दिसायचा. भाऊ मोहफुलं वेचायला, लाकडं आणायला आत जायचे आणि अंगावर ओरखडे घेऊन मोठ्या ऐटीत परत यायचे. पोरींना मात्र बांधावरूनच माघारी बोलावत. लग्न झालं, शिक्षण झालं, नोकरी झाली, पण तो बांध काही ओलांडला गेला नाही.

नवऱ्याने, वामनरावांनी, चिखलदऱ्याला जाऊ असं सुचवलं. बंगला मिळेल, बसून डोंगर पाहता येतील.

"मले डोंगर पाह्याचे नाहीत," कौशल्याबाई म्हणाल्या, "चढाचे आहेत."

वामनराव तसे समजूतदार गृहस्थ. त्यांनी अट घातली ती एवढीच, की आधी राहायची जागा ठरवून ये. घर भल्या माणसाचं हवं, पाणी जवळ हवं आणि डोंगरात हिंडून दिवस बुडायच्या आत परत पोचता यायला हवं. बाईंना अट वाजवी वाटली.

सोबतीला जमीला तयार झाली. ती उर्दू शाळेत शिकवायची आणि बाईंच्या मागच्याच गल्लीत राहायची. नवरा वारल्यापासून माहेर आणि शाळा यांपलीकडे तिचं पाऊल पडलं नव्हतं. दसऱ्याच्या सुट्टीत दोघी एस.टी.ने जागा पाहायला निघाल्या.

पहिलं गाव मोहखेडा. तिथे बाईंचे लांबचे दीर, उत्तमराव, मोठे शेतकरी. त्यांनी माडीवरची खोली उघडून दाखवली. खिडकीतून सबंध सातपुडा दिसत होता, विहीर दारात होती. बाईंचा जीव तिथेच रमला. मग जेवायची पानं मांडताना उत्तमराव सहज बोलून गेले, की तुमच्या मैत्रिणीची सोय आमच्या सालगड्याच्या, मेहबूबच्या घरी करू, त्याची बायको चांगली आहे, काही कमी पडणार नाही.

जमीलाने बाईंना अंगणात नेलं. तिला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमी वर राहा, मी तिकडं राहीन. सकाळी निघाचं तर संगंच आहे ना. मले याची सवय आहे."

"मले नाही," बाई म्हणाल्या.

निदान डोंगर इथून लांब पडतो असं तरी सांगा, नात्यात वाकडं येईल, अशी जमीलाने विनवणी केली. तेही खोटं नव्हतंच. पायथ्याला पोचण्यातच अर्धी सकाळ गेली असती. पण बाई आत गेल्या आणि खरं कारण सांगून मोकळ्या झाल्या: एका छपराखाली दोघींना जागा असेल तरच आम्ही राहू. उत्तमरावांनी मान खाली घातली आणि जेवून तरी जा म्हणाले. दोघी जेवल्या नाहीत. पुढे बाईंच्या मुलीच्या लग्नाला त्या घरातून कोणी आलं नाही. बाईंना त्याचं वाईट वाटलं, पण पस्तावा नाही झाला.

सोनाळ्याच्या बाजारात चारोळी विकायला बसलेली एक कोरकू आदिवासी बाई भेटली. फुलवंती तिचं नाव. बोलता बोलता कळलं की ती वरच्या आमझिरीची आहे, आणि मुलगा सासुरवाडीला राहायला गेल्यापासून घरातली एक खोली रिकामी आहे. झरा अगदी जवळ, होळीपर्यंत आटत नाही. मात्र एक अडचण तिने आधीच सांगून टाकली.

"खोली एकच आहे. दोघीईले एकीतच झोपा लागन."

जमीलाला हसू आवरेना. फुलवंतीला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

तिच्या मागोमाग त्या आमझिरीची वाट चढू लागल्या. निम्म्यावर बाईंचा श्वास कोंडला. त्या एका दगडावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की आपण वयाला न शोभणारा हट्ट करतोय. जमीलाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तिने ओढणीची चिंधी फाडून तो बांधला आणि म्हणाली, "वापस गेलो तर अख्खी शाळा हसन. ते आइकाले मी नाही येत. तुमी बसा, दम घ्या. मग जाऊ."

बाई उठल्या.

आमझिरी म्हणजे समोरासमोर दोन ओळींत घरं, मधून शेणाने सारवलेला रुंद रस्ता. खोली कुडाची, स्वच्छ. मागून एक वाट झऱ्याच्या दरीत उतरत होती, एक सागाच्या रानात जात होती आणि एक थेट डोंगरमाथ्याच्या धारेकडे. बाईंनी तिन्ही वाटांवर थोडं थोडं चालून पाहिलं आणि तिथेच फुलवंतीला सांगितलं, दिवाळीनंतर येतो.

कोरकूंच्या वस्तीत राहणार हे ऐकून वामनरावांनी डॉक्टर किती लांब, एवढं विचारलं. खाली सोनाळ्याला, बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून कॅनव्हासचे बूट घेऊन आले, दोन जोड. "जमीलाबाईले होतात का पाह्य," म्हणाले. "नाही तर बदलून आनतो."

दिवाळीनंतर दोघी आमझिरीत येऊन राहिल्या. सुरुवातीला धार काही जमली नाही. एकदा बाईंच्या टाचा सोलल्या, एकदा वाट चुकली आणि ऊन कलताना मुकाट्याने परतावं लागलं. टाचांना हळद-तेल लावून, फडकी गुंडाळून बाई पुन्हा निघाल्या. शेवटच्या चढाला गवत कमरेएवढं होतं, वाट अशी नव्हतीच. त्या पुढे, जमीला मागे, असं करत दोघी भर दुपारी माथ्यावर पोचल्या.

उत्तरेला तापीच्या अंगाला डोंगरामागे डोंगर पसरले होते. दक्षिणेला पूर्णेचं सपाट खोरं, काळी-हिरवी शेतं. बाईंनी माहेरचं गाव शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण इतक्या उंचावरून सगळी गावं सारखीच दिसत होती. जमीलाने बरोबरच्या पाण्याने हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि चादर अंथरून दुपारची नमाज पढली. तोवर बाई शेजारी वाऱ्यात उभ्या राहिल्या. माघारी बोलावणारं कोणी नव्हतं.

खाली आल्यावर फुलवंतीने गरम भाकरी वाढली आणि उद्या तरी आराम करणार का म्हणून विचारलं.

बाईंनी फडकी सोडून टाचा पाहिल्या. "उद्या सागाच्या रानातून जाऊन पाहू," त्या म्हणाल्या. जमीलाने दोघींचे घामेजलेले बूट चुलीपाशी वाळत ठेवले.