जावळाची पथरी

दादांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत मी कधी केस पाहिले नाहीत. वस्तऱ्याला धार लावून झाली, की पातं त्या हातावरून हलकेच फिरवून बघायचे. केस न ओढता निघाले तरच वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालाला लागायचा. उजवा हात मात्र अस्वलासारखा. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी रोग आहे.

धामणगाव बढ्याच्या बाजाररस्त्यावर त्यांचं दाढी-कटिंगचं आणि माझं शिवणकामाचं अशी दोन दुकानं, मध्ये नुसता पत्रा. चामोट्याच्या कातडी पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा फटफट आवाज दिवसभर माझ्या मशीनच्या आवाजात मिसळलेला असे. कोणी घाई केली, की पत्र्यापलीकडून ठरलेलं वाक्य ऐकू यायचं, "घाई काऊन करून राह्यला बे? डोकं काई पयून चाल्लं का तुह्यं?" एकदा बुलढाण्याच्या गाडीचा कंडक्टर ड्रायव्हरच्या हॉर्नला भिऊन अर्धी दाढी टाकून पळाला. परतीच्या फेरीला उरलेला गाल घेऊन आला, तर दादांनी त्या एका गालासाठी पुन्हा पहिल्यापासून धार लावली. गाडीतल्या माणसांनी दादांचा उद्धार केला तो वेगळाच.

त्यांच्या धोकटीत धार लावायच्या दोन पथऱ्या होत्या. एक मोठी, काळी, रोजची. दुसरी काड्यापेटीपेक्षा जराशी लांब, फिकट पिवळी, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. ती धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेली असे. मोठीवर धार यायची आणि लहानीवर ती मऊ व्हायची. पाण्याचे दोन थेंब टाकून पातं तिच्यावरून नुसतं सरकवायचं. "इथं हाताचं काम नाही टेलर, वस्तऱ्याचं वजन पुरते," असं ते मला सांगायचे. जोर दिला, की झालेलं काम बिघडलं.

लहान पथरी फक्त जावळासाठी होती. बाळाचे जन्मापासूनचे केस, मऊ टाळू, मामाच्या मांडीवर टाहो फोडणारं पोर. तिथं मोठ्या पथरीची धार चालायची नाही असं दादांचं म्हणणं. गावातली निम्मी डोकी पहिल्यांदा त्या पथरीच्या धारेखाली गेली होती. माझ्या दोन्ही मुलींचीही. "एकाबी लेकराचं रगत नाही काढलं म्या," हे ते दर जावळाला ऐकवायचे आणि नारळ काखेत मारून नवरदेवासारखे परत यायचे.

मग बीटी कपाशीची वर्षं आली. आमच्या पत्र्यावरसुद्धा हिरव्यागार झाडाची जाहिरात चिकटली. बियाणेवाले गुळगुळीत कागद वाटत फिरायचे. दादा ते कागद नीट कापून ठेवायचे आणि वस्तऱ्यावरचा साबण त्यांना पुसायचे. "वावरात नाही तं नाही, इथं तं कामी येऊन राह्यलं," म्हणायचे. सुरुवातीला आम्ही हसलो. पुढे हसू येईनासं झालं. पाऊस दगा देऊ लागला, बोंडं गळू लागली, आणि पिकावर मारायचं औषध माणसं पिऊ लागली.

आजूबाजूच्या खेड्यांतून दादांना दहाव्याची बोलावणी वाढली. ज्या मुलाने अग्नी दिला त्याचं डोकं नदीवर भादरायचं, ही रीत तुम्हाला माहीत आहे. पूर्वी दादांपुढे डोकं वाकवणारा तो मुलगा चांगला बाप्या असायचा. आता बसायची ती शाळेतली पोरं. त्या कोवळ्या डोक्यांना मोठ्या पथरीची धार कशी लावणार? दादांनी धोतराचा तुकडा सोडला आणि जावळाची पथरी दहाव्याला नेऊ लागले.

माझ्याकडेही तीच डोकी येत होती. तेरवीला मामा भाच्याच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवतो. एवढ्या लहान मापाची टोपी बाजारात मिळत नाही, ती मी शिवायचो. पत्र्याच्या त्या बाजूला वस्तरा, या बाजूला टोपी. मला त्या काळात पांढऱ्या कापडाची शिसारी आली होती, खोटं कशाला सांगू.

एकदा दादांनी पथरी माझ्यापुढे धरली. मध्ये खोलगट झाली होती. "आयुष्यभर जावळं काढली, तं झिजली नाही थे. आता पाह्य," एवढंच बोलले.

त्यानंतरच्या एका दहाव्याला मीही नदीवर होतो. गेलेला माणूस माझं गिऱ्हाईक. त्याचा मुलगा जेमतेम चार-पाच वर्षांचा, जावळ दादांनीच काढलेलं. डोकं ओलं करून त्याला समोर बसवलं. पोराने विचारलं, "दादा, दुखन का?"

दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मग वस्तरा मिटला.

"धार नाही," ते म्हणाले.

ते खोटं होतं. सकाळी बराच वेळ चामोट्याची फटफट मीच ऐकली होती.

पोराचा चुलता म्हणाला, "दादा, पिंड खोयंबले. उरका ना."

"याचं जावळ याच हातानं काढलं म्या. मले नाही जमत. राहू द्या लेकराचे केस."

"रीत हाय दादा."

"रीत हाय तं तुमी करा!" धोकटी उचलून ते चालू लागले. आपण गेलो तर पोराचे केस वाचतील, असं त्यांना खरंच वाटलं होतं.

पण रीत कोणासाठी थांबते? कोणीतरी मोटारसायकल काढली आणि स्टँडवरून वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालून काम करणारा एक कारागीर आणला. पोरगं रडत होतं, हलत होतं, आणि कारागिराला दुकान उघडं टाकून आल्याची घाई होती.

दुसऱ्या दिवशी चुलता टोपीच्या मापाला पोराला घेऊन आला. टेप लावायला गेलो आणि हात थांबला. डोक्यावर तीन ठिकाणी कापलं होतं. कानामागे तर रक्त वाळून काळं झालेलं.

दादा दाराशी येऊन उभे होते. त्यांनी पोराला उचललं, आपल्या खुर्चीच्या हातांवर लहान मुलांसाठीची फळी टाकली आणि तिच्यावर बसवलं. कोमट पाण्याने डोकं पुसलं, तुरटी फिरवली.

"झोंबते का राजा?"

"नाही," पोर म्हणालं. मग आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणालं, "तुमी काऊन नाही केलं? तुमी केलं असतं तं कापलं नसतं."

दादा तुरटी फिरवत राहिले. पोर उतरून गेलं तरी ते रिकाम्या फळीपाशी तुरटी हातात धरून उभे होते.

त्या दिवसापासून पत्र्यापलीकडची फटफट बंद झाली. गिऱ्हाईक आलं, की ते स्टँडकडे बोट दाखवायचे. काही दिवसांनी चहाचा कप घेताना त्यांनी हात पुढे केला, आणि मी पाहिलं, डाव्या हातावर केस आले होते. पांढरे.

ते डोणगावला लेकीकडे जायला निघाले, तेव्हा धोतराच्या तुकड्यातली पथरी माझ्या मशीनवर ठेवली. "जावळाले कोनी मागतली तं देजो. दहाव्याले नको देजो." तिकडेच ते वारले. मला उशिरा कळलं.

पथरी माझ्या खडूच्या डब्यात आहे. जावळासाठी मागायला अजून कोणी आलेलं नाही. लहान मापाची टोपी मागायला मात्र येतात.