दोन्ही गावं खरी

येडशी स्टेशनवर एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी बाकावर बसला. मी बेंबळीचा म्हटल्यावर लगेच म्हणाला, "आमचंबी गाव तेच!"

अनेक देशांत शाखा असलेल्या बँकेत आहे, असं त्यानं सांगितलं. त्या त्या देशाच्या सरकारी तपासनिसांना राजी ठेवणं हे त्याचं काम. फोन आला की आधी कॉलर नीट करायचा, मग देशाप्रमाणं आवाज बदलायचा.

"खोटं बोलावं लागत असंल तुम्हाला?"

"छे! एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं न्हाय, एवढंच."

तेवढ्यात जळकोटच्या एक बाई येऊन बसल्या. त्यांनी गाव सांगताच त्यांनाही तो म्हणाला, "आमचं गाव जळकोटच की!"

मी बघतच राहिलो.

"एक वडलांचं, एक आईचं," तो हसला. "दोन्ही खरीच हायेत."

असंलही. तरी मी माझी पिशवी बाकावरनं उचलून मांडीवर घेतली.