आक्कांच्या हातचं पाणी

"थांबा पावणं, गाळून देतो."

दारात कुणीही उभं राहिलं की आधी हे वाक्य बाहेर यायचं आणि मागून आक्का. हातात तांब्या, तांब्याच्या तोंडावर दुहेरी घडीचं पांढरं फडकं. पोस्टमन असो, डेअरीचा माणूस असो, नाहीतर वाट चुकलेला कुणी. त्या घरात न गाळलेलं पाणी कुणाच्या घशाखाली गेलं नाही. गाळायचं, उकळायचं, निववायचं आणि मग द्यायचं. आक्का जैन धर्माच्या. हा नेम त्यांनी परकर-पोलक्याच्या वयापासून पाळला होता.

माझं कोडोलीत मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आक्कांची वाडी तिथून जवळच. त्या वाडीची पाणीयोजना म्हणजे ओढ्याकाठची विहीर, एक मोटार, एक टाकी, टाकीखाली सामाईक नळ आणि घरोघरी जोडण्या. शुद्ध करण्याची सोय काही नाही. मोटार जळाली की मला बोलावणं यायचं आणि काम संपलं की आक्कांच्या ओसरीवर चहा ठरलेला.

फडक्यात अडकलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथंच सोडायचे, हाही त्यांचा नेम. त्यासाठी बाई फडकं घेऊन विहिरीपर्यंत चालत जायच्या, ते उलटं धरून वरून पाणी सोडायच्या. एकदा मी थट्टा केली, "आक्का, एवढी तंगडतोड कशाला? नळातच सोडा की माघारी."

"आणि तुमची मोटार चालू असंल तर? चिरडून मारायचं हाय व्हय त्यास्नी?"

मी चहा संपवून हत्यारं आवरली.

किड्यामुंग्यांची एवढी काळजी त्या वाडीत एका म्हातारीला होती. माणसांच्या पोरांची काळजी करायला मोठमोठी कार्यालयं आहेत, ती कशी करतात ते आता सांगतो.

पावसाळ्यात ओढा विहिरीत शिरायचा. "नळाला च्या आलाय," असं लोक हसून म्हणायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका पावसाळ्यात शाळेतल्या पोरांना कावीळ झाली. आक्कांच्या शेजारची पोरगी, दिवसभर त्यांच्याच मांडीवर वाढलेली, तिला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आली ती पार काटकुळी होऊन. आक्कांनी तिला बघितलं, पदर खोचला आणि ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या. छोट्या गावांना पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायला सरकारी अनुदान मिळतं, असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. सरपंचाकडून अर्ज करून घेतला तेव्हाच उठल्या.

अनुदानाला अट होती. पाणी पिण्यास अयोग्य आहे, असा प्रयोगशाळेचा दाखला हवा. पोरगी पिवळी पडली, हा दाखला चालत नाही.

मग नमुना घ्यायला एक साहेब जीपमधून आला. त्याने स्वतः टाकीखालच्या नळावर जाऊन बाटली भरायची, हा नियम. पण ऊन होतं, आक्कांची ओसरी रस्त्यालगत होती आणि चहा समोर आला होता. त्याने बसल्या जागेवरून बाटली पुढे केली. "आक्का, तेवढं पाणी भरून आणा की. तपासायला न्यायचंय."

आक्का आत गेल्या आणि भरून घेऊन आल्या. कुठलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. गाळलेलं, उकळलेलं, कळशीत निववून ठेवलेलं. साहेबाने बाटलीवर 'नळाचे पाणी' असं लिहिलं, चहाचं कौतुक केलं आणि गेला.

दाखला आला: पाणी पिण्यास योग्य. अर्ज नामंजूर.

आक्का एसटीने माझ्या दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या.

"मिस्त्री, माझ्या हातनं झालं हे."

"पण तपासायला नेतोय म्हणाला होता ना तो?"

"व्हय की. पर तपासणारा चव घेऊनच तपासणार की वो! कुणाच्या तोंडात जायाचं पाणी, तसंच गढूळ कसं देऊ? हातच जाईना माझा."

मला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. प्रयोगशाळेत कुणीतरी बिचारा दिवसभर गावोगावचं पाणी पीत बसला असेल, म्हणून ही बाई त्याची काळजी करत होती! "तुमच्या हातनं न्हाई," मी ओरडलोच, "त्या बाबाचे पाय मोडले होते काय नळापर्यंत जायला?" आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं.

आम्ही दोघं कोल्हापूरला त्या कार्यालयात गेलो. आक्कांनी सोबत नळाच्या पाण्याची बाटली घेतली होती. साहेबाच्या साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नमुना आमच्याच माणसाने घ्यावा लागतो. तुम्ही आणलेला चालत नाही."

"मागचा तरी कुठं त्यांनी घेतलाता? म्याच दिलाता की!"

"म्हणजे आजी, चूक तुमचीच." तो हसला. "रिपोर्टनुसार तुमचं पाणी चांगलं आहे. चांगल्या पाण्याच्या गावाला आम्ही अनुदान कसं देणार?"

आक्कांनी बाटली टेबलावर ठेवली. "चांगलं हाय न्हवं? मग घ्या की एक घोट."

साहेबाचा हात स्वतःच्या विकतच्या बाटलीकडे गेला. मग आक्कांनी झाकण काढलं आणि ते पाणी स्वतःच्या तोंडाला लावलं. न गाळलेलं, नेम धरल्यापासून पहिल्यांदा. मी "आक्का!" म्हणून उठेपर्यंत निम्मी बाटली संपली होती.

"लिवा आता," पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "म्हातारीनं तुमच्या म्होरं पिलं म्हणून."

साहेबाने घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि पुढच्या माणसाला आत घ्यायला सांगितलं.

आक्कांनी त्या पाण्याचं प्रायश्चित्त म्हणून उपवास धरला. चूक कुणाची आणि उपास कुणाला! साहेब त्या दिवशी नक्कीच पोटभर जेवला असेल. नमुना पुन्हा घेऊ, पुढच्या फेरीत बघू, असं आम्हाला सांगत राहिले. ती फेरी काही आली नाही आणि अनुदान दुसऱ्या गावाला गेलं.

आक्कांनी मग परसात मोठी चूल मांडली आणि पाण्याचा हंडा चढवला. सकाळी शाळेची पोरं आपापल्या बाटल्या घेऊन त्यांच्या दारात रांगेने उभी राहायची. धुराने बाईंचे डोळे लाल झालेले असायचे, शेजारची पोरगी फडकं धरायची. जे काम सरकारच्या यंत्राने करायचं ते एका म्हातारीने आणि तिच्या हंड्याने केलं, आणि त्याची कुठल्या कागदावर नोंद नाही.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. हंडा उतरला. पोरं पुन्हा नळाचं पाणी पितात आणि पावसाळा तोंडावर आला आहे.

परवा नमुनेवाला साहेब माझ्या दुकानापाशी थांबला. केस पांढरे झालेत, जीप नवी आहे.

"आक्का गेल्या म्हणं? लई चांगलं माणूस. च्या काय करायच्या, वा!" त्याने जरा विचार केला. "वाडीचा नमुना घ्यायचा हाय परत. आता कुणाच्या घरातनं भरायचा म्हणायचा?"

"नळावर भरा की," मी म्हणालो.

जीप सुरू करता करता त्याने काच खाली घेतली.

"नळ कुठल्या अंगाला हाय वो तिथं?"