डाव्या हाताचे दोन ठोके

ड्रमच्या पहिल्याच तासाला मी सगळे ठोके एकट्या उजव्या हातानं वाजवले. डाव्या हातातली काठी नुसती मिरवायला, लग्नातल्या करवलीसारखी. हिंदी मुलखातल्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी भिक्षुकाची मुलगी मी. आमच्या घरी डाव्या हातानं कुणाला पाण्याचा पेलासुद्धा द्यायचा नाही. मग पंधरा ऑगस्टच्या फेरीत, झेंड्यामागे, डाव्यानं कसं वाजवायचं? एवढी अक्कल मी माझी मीच चालवली होती.

शाळेचे बँडमास्तर बघतच राहिले. "बिटिया, बायाँ हाथ घर पर छोड़ आई हो?"

पोरी खिदळल्या. मास्तरांनी धडा दिला: दोन उजवे, दोन डावे, पुन्हा दोन उजवे, दोन डावे. आधी सावकाश, मग वेग वाढवत, परातीत मटार ओतल्यासारखा सलग आवाज येईपर्यंत. माझा डावा मात्र पेंगायचा. असंच चाललं तर फेरीत तुला झांजा देईन, असं मास्तरांनी बजावलं. झांजा! त्या तर आमच्या शाळेत दुसरीतल्या चिमुरड्या वाजवायच्या.

घरी पाट उपडा घालून मी सुरू झाले. तोच सोवळ्यातली आत्या स्वयंपाकघरातून कडाडली, "ए भवाने, शाळेत चामडं बडवतेस ते बडवतेस, आता देवाच्या पाटावर डावा हात? बंद कर. फेरीबिरी काही नाही!"

"आत्या, आरतीच्या वेळी बाबा घंटा कोणत्या हातानं वाजवतात गं?"

आत्याचा हात कणकेतच थांबला. उजव्या हातात निरांजन, डाव्यात घंटा. रोज सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत. बाबा पोथीआड हसत होते. "तोंडाळ झालीय कार्टी," एवढंच आत्या पुटपुटली. बंद कर असं पुन्हा म्हणाली नाही. म्हणाली असती तरी मी केलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मी बादली डाव्यानं उचलली, केर डाव्यानं काढला, आणि घंटा तर बाबांच्या हातातून हिसकावूनच घेतली.

फेरी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा माझ्यासकट सगळ्यांचे ड्रम भिंतींना घासत होते. वर खिडकीत आत्या. मी मान वर केली आणि तो सलग ठोक्यांचा रोल मुद्दाम डाव्या हातानं सुरू केला. मास्तरांनी डोळे वटारले. वटारू देत.

घरी आले तर आत्या दारातच उभी.

"आधी आंघोळ कर, चामड्याला शिवून आलीयस. आणि त्या मास्तरांना सांग, पुढच्या वर्षी फेरी आपल्या खिडकीखाली जरा थांबवा म्हणावं. मी चष्मा लावेपर्यंत पुढं गेलात मेल्यांनो!"