टायगरची बिस्किटं आणि सोसायटीची सभा

आमचा टायगर घरची बिस्किटं खात नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

टायगर म्हणजे आमचा गावठी कुत्रा. आम्ही गिरीजची वाडी सोडून बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा तोही आला. वाडीत दिवसभर हुंदडायचा, इथे दिवसभर लोळून चांगलाच सुटला. डॉक्टरीणबाई (त्याच्या! माझ्या डॉक्टरांकडे मी इतक्या नेमाने जात नाही) म्हणाल्या, "बाजारची बिस्किटं बंद. घरी करा. साखर नाही, मीठ नाही, मैदा नाही."

मी मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि स्वतःला बल्लवाचार्य समजू लागलो. नाचणीचं पीठ, वाडीतली पिकलेली केळी, लाल भोपळा! हाडाच्या आकाराचा साचा नव्हता, म्हणून सुरीने हाडं कापली. भाजल्यावर ती अशी कडक झाली की एक खाली पडलं आणि फरशीचा टवका उडाला. बिस्किटाला काहीही झालं नाही. टायगरने ते हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. एवढी मेहनत फुकट कशी घालवायची, म्हणून मी सगळी एका डब्यात भरून ठेवली.

त्याच रविवारी सोसायटीची सभा होती. सेक्रेटरी देवधरांनी ठराव आणला होता: इमारतीत कुत्री पाळायला बंदी! गिरीजचं घर आता भावाकडे, आणि भावजयीला कुत्रं दारातसुद्धा खपत नाही. मग टायगरने जायचं कुठे?

आमच्या गावात कुणाकडे काही मागायला जायचं, तर रिकाम्या हाताने जात नाहीत. माझी बायको सेलीन अशा वेळी स्वतःच्या हातची नानकटाई नेते. सभेत तिने पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं. पाहतो तर आत माझी बिस्किटं!

"अगं, हा डबा..." मी कुजबुजलो.

"गप बसा हो तुम्ही!" म्हणत तिने डबा देवधरांपुढे धरला.

खरं सांगावं, तर टायगर संध्याकाळपर्यंत रस्त्यावर. न सांगावं, तर सगळी इमारत कुत्र्याचा खाऊ खाणार. मी एक क्षण विचार केला आणि गप्प बसलो. (तत्त्वं तत्त्वांच्या जागी!)

देवधरांनी एक तोंडात टाकलं. कडाक्! दात गेला की काय, म्हणून सगळे वळून पाहू लागले.

"वा! हे डमरू कुणी केले?" (माझी हाडं त्यांना डमरू वाटली!)

"ह्यांनीच," सेलीनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"साखर?"

"नाही," मी म्हणालो.

"मीठ?"

"अजिबात नाही."

"मैदा?"

"छे, छे! डॉक्टरांनीच सांगितलंय."

"याला म्हणतात सात्त्विक आहार!" देवधर उभेच राहिले. "घ्या हो सगळ्यांनी!"

डबा फिरला. जोशीकाकूंना त्यात आजीच्या हातची चव सापडली. (आजी काय खाऊ घालायच्या कुणास ठाऊक!) जिमला जाणारा रोहन म्हणाला, "अंकल, एकदम क्लीन ईटिंग! प्रोटीन किती यात?" दात नसलेल्यांनी चहात बुडवून पाहिली, तरी ती भिजली नाहीत.

"स्वतःच्या तब्येतीला एवढं जपणारा माणूस," तिसरा डमरू फोडत देवधर म्हणाले, "कुत्रासुद्धा शिस्तीतच पाळणार. मी ठराव मागे घेतो!"

टाळ्या! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी येताच मी सेलीनला म्हणालो, "डबा चुकला गं तुझा, पण टायगर वाचला!"

"चुकला? मुद्दाम नेला! टायगरला हाकलायला निघालेल्यांना माझी नानकटाई देऊ?"

तेव्हापासून दर रविवारी मी ओव्हनपुढे उभा असतो. देवधरांचा फोन येतो, "जरा जास्तच करा, पाहुणे आहेत." माझ्या हातचा चहासुद्धा आजवर कुणी संपवलेला नाही. जन्मात पहिल्यांदा लोक माझ्या हातचं मागून खाताहेत, आणि ही रेसिपी मिळाली कुठून, असं कुणी विचारलं की मला खोकला येतो!