दाजींनी डोळ्यांनी निवडलेली गाणी

इंग्रजी गिटारवाल्यांच्या रेकॉर्डी मला निवडून देणारा माणूस कलकत्त्यात सोनं आटवायचा. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, गिटार त्यानं फक्त कव्हरवरच्या चित्रात पाहिली होती, आणि गाण्याच्या बाबतीत तो माझ्या बहिणीच्या मते निव्वळ दगड होता. पण सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी मासिकं चाळून शहाणा झालेल्या मला जे जमलं नाही, ते त्याला जमलं. हा माणूस म्हणजे माझे दाजी, थोरल्या ताईचे यजमान.

आमचं गाव विट्याजवळचं. आमच्याकडे घरटी नाही तरी दोन घरांआड एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. कुणी मद्रासला, कुणी कानपूरला. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबानं त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं हातात द्यायचं, हा तो धंदा. दाजी वर्षातून एकदा, दिवाळीला, महिनाभर घरी येत. बाकीचे दिवस त्यांच्या गावी जात, फक्त भाऊबीजेला ते ताईला घेऊन आमच्याकडे येत. चार दिवस राहत.

माझ्याकडे तेव्हा एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता. सांगलीत लग्नकार्याला लाऊडस्पीकर लावणाऱ्या एकाने नवा घेतला म्हणून जुना काढून टाकला, तो मी एसटीत मांडीवर धरून गावी आणला. विहिरीवरच्या मोटारीमुळे आमच्या घरात वीज आलेली होती, तेवढंच भाग्य. रेकॉर्डी तीन, तिन्ही सिनेमाच्या, आणि तिन्ही इतक्या झिजलेल्या की गाणाऱ्या बाईला कायमचं पडसं झाल्यासारखं वाटे. त्या भाऊबीजेला दाजी प्लेअरसमोर बसून फिरणाऱ्या थाळीकडे नुसतेच बघत राहिले. गाणं कसं आहे याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जाताना म्हणाले की असल्या काळ्या थाळ्या आमच्या दुकानामागच्या फुटपाथवर ढिगानं असतात, पुढच्या वर्षी आणतो.

पुढच्या दिवाळीला त्यांनी चार आणल्या. पहिलीत एक साहेब अगदी सावकाश इंग्रजी पत्रं सांगत होता, लघुलिपी शिकणाऱ्यांसाठी. दुसरीत चर्चमधली पेटी अर्धा तास घुमत होती. तिसरीत लष्करी बँड होता, तो वडिलांना भलताच आवडला आणि त्यांनी तो परत लावायला लावला. मी मनातल्या मनात दाजींच्या नावानं बोटं मोडत चौथी लावली.

चौथीचं पहिलं गाणं म्हणजे कुणीतरी दार न वाजवता धाडकन आत यावं तसं आलं. दोन गिटारी, एक खणखणीत वाजणारी, एक तिच्यामागून खरखरत येणारी, ढोलाचा सरळ ठेका, आणि दोघं जण एकमेकांच्या गळ्यात गळा घालून गात होते. तीन मिनिटांत गाणं खलास. मला शब्द धड कळले नाहीत, पण चाल अशी की दुसऱ्या कडव्याला मी ती गुणगुणत होतो. मग लगेच दुसरं. त्यात मध्येच टाळ्या. मी त्या दिवशी ती रेकॉर्ड किती वेळा फिरवली याचा हिशेब नाही. आई भाकरी थापत होती, तिचा हातसुद्धा त्या ठेक्यावर पडायला लागला. तिला ते कळलं आणि ती माझ्यावरच चिडली.

मी दाजींना म्हणालो, अशीच आणा, दुसरी कुठली आणू नका. ते म्हणाले, अशीच म्हणजे कशी? मी शहाणपणानं कागदावर नावं लिहायला घेतली. त्यांनी कागद बाजूला सारला. फुटपाथवरचा माणूस कागद बघून ‘हीच ती’ म्हणत हाताला येईल ती गळ्यात मारतो, हा त्यांचा अनुभव होता. त्याऐवजी ते चारी रेकॉर्डी घेऊन सोप्याच्या दारात उन्हात बसले, सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं आणि दागिन्याचा कस बघावा तशा एकेक पाहू लागले. पाऊण तास. ताई म्हणाली, चहा निवला. त्यांनी ऐकलं नाही.

मग मला जवळ बोलावून त्यांनी समजावलं. बोलणाऱ्या साहेबाच्या थाळीवरची चर, म्हणजे सुई फिरते ती बारीक खाच, शांत असते, मध्ये मध्ये मोकळी. चर्चच्या पेटीची चर जाड, संथ. आणि ही जी तुला आवडली तिची चर बघ, कडेपासून आतपर्यंत सगळी एकसारखी थरथरतेय, कुठंही दम खात नाही. वर पाच गुळगुळीत रेघा, म्हणजे सहा गाणी. ज्या थाळीवर एकच रेघ असेल तिच्यातलं गाणं लांबतंय आणि माणूस पेंगतोय. मला हसू आवरेना. पण मी मासिकांत वाचलेल्या पानंच्या पानं लेखांत एवढी उपयोगाची गोष्ट एकही नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या वर्षी सात आणल्या आणि सातही अस्सल. कुठल्या देशातले, कुठल्या गावातले हे बँड, कुणास ठाऊक. काहींची नावं मासिकांतही नव्हती. मी कव्हरवरची छोटी अक्षरं दाजींना वाचून दाखवायचो, ते मान डोलवायचे. रेकॉर्ड सुरू झाली की ते डोळे मिटून भिंतीला टेकून बसत. संपली की विचारत, खरी निघाली का? मी म्हणायचो, शंभर नंबरी. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं, आणि मला वाटायचं की यांना गाण्याशी काही देणंघेणं नाही, यांना फक्त आपली पारख बरोबर आली याचा आनंद.

तोपर्यंत मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. आणि माझ्या डोक्यात कलकत्ता बसला होता. ज्या शहरात फुटपाथवर असली गाणी ढिगानं पडलेली असतात तिथं राहणाऱ्या माणसाचं आयुष्य कसलं असेल! दाजींचं दुकान म्हणजे एका कोपऱ्यात मूस तापतेय आणि दुसऱ्या कोपऱ्यात दिवसभर गिटार वाजतेय, असं मी पक्कं ठरवून टाकलं होतं. मी वडिलांकडे लकडा लावला की मला दाजींच्या दुकानात पाठवा. आमच्याकडे मेहुण्यानं मेहुण्याला धंद्यात घेऊन जाणं ही रोजची रीत, वडील लगेच तयार झाले. उलट साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझा अर्ज होता, तो त्यांना दुय्यम वाटायचा. अडत होतं ते एकाच ठिकाणी. दाजी हो म्हणत नव्हते. ‘बघू की’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. गावातल्या दोन पोरांना त्यांनी नेलं होतं. मला नाही. मी मनातून फार दुखावलो होतो. पुढच्या भाऊबीजेला सोक्षमोक्ष लावायचा असं ठरवून मी वर्ष काढलं.

ती भाऊबीज आली. दाजी पत्र्याची पेटी घेऊन आले. ओवाळणं झालं, जेवणं झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी उघडली. सगळ्यात वरची रेकॉर्ड त्यांनी स्वतंत्र धोतराच्या फडक्यात गुंडाळली होती. दोन्ही बाजूंना सात-सात गाणी, म्हणाले, आणि चर अशी की त्यांनी आजवर पाहिली नाही. उन्हाळ्यात मिळाली होती. तेव्हापासून जपून ठेवली होती. फडकं सोडलं, कव्हरातून रेकॉर्ड बाहेर काढली, आणि ती एका कडेनं निखाऱ्यावरच्या पापडासारखी वर उचलली गेलेली होती. रेल्वेत दोन दिवस पेटी खिडकीखाली उन्हात राहिली होती. सुई लावली तर ती त्या चढावर उडी मारून थेट मधल्या कागदावर.

मी म्हणालो, राहू द्या. पण दाजी कारागीर माणूस. पत्रा वाकला म्हणून कुणी टाकत नाही, म्हणाले. सोन्याचा पत्रा मऊ होईतोवर ऊब द्यायची आणि ऐरणीवर हलक्या हातानं ठोकून सरळ करायचा, हे ते पंधराव्या वर्षापासून करत आले होते. त्यांनी चुलीत नुसते निखारे ठेवायला सांगितले, तवा ठेवला, तव्यावर दोनपदरी फडकं, त्यावर रेकॉर्ड. हाताच्या पालथ्या बाजूनं ऊब अजमावत होते. आम्ही सगळे भोवती. माझाही विश्वास बसला होता, खोटं कशाला सांगू. सोन्याच्या बाबतीत या माणसाचा हात कधी चुकला नव्हता.

ताई एवढंच म्हणाली, “आवं, ते काय सोनं हाय व्हय?”

ती म्हणेपर्यंत कड खाली आली, सरळ झाली, क्षणभर अगदी सपाट दिसली. दाजी हसले. त्यांनी वर पोळपाट ठेवून दाबलं. आणि उचलला तर दाबलेल्या जागी चर पुसून आरशासारखी गुळगुळीत झालेली, मधलं भोक लांबट, आणि दुसरी कड मोदकाच्या पारीसारखी मुडपायला लागलेली. दाजींनी घाईनं ती उचलली, त्यात बोटं भाजली, तशीच धरून राहिले.

माझं डोकं फिरलं. वर्षभराचा राग होताच. मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, तुम्हाला काय, तुम्ही उन्हाळ्यापासून तिथं रोज ऐकलीच असेल, तुमचं झालं, माझी गेली. मला तिकडं नेत नाही आणि आणता ते असं. वडील म्हणाले, जीभ आवर. आई आत गेली.

दाजींना राग आला नाही. त्यांनी रेकॉर्ड पाटावर ठेवली आणि तिच्याकडे बघतच मला विचारलं, “तिथं कशावर ऐकू रं?”

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, अगदी साधेपणानं, जसं रोजचं काम सांगावं तसं. दुकान म्हणजे एक खोली. त्यातच भट्टी, त्यातच पाच जणांची अंथरुणं. भात्याचा आवाज दिवसभर, तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, आणि जी वस्तू तिथं ठेवाल ती आठ महिन्यांत गंजते. प्लेअर कुठला? रेकॉर्डी ते फळीवर, कपड्यांच्या गाठोड्यात ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी एकेक काढायची, दारात उजेडाला धरायची, भिंग लावायचं, रेघा मोजायच्या. या चौथ्या पट्ट्यातलं गाणं जोरकस असणार, इथं जरा हळू येतंय, इथं परत उठतंय, असं मनाशी बांधायचं. आणि मग दिवाळीला इथं येऊन बघायचं, बरोबर निघतंय का.

“तिथं मी नुसती बघतो गड्या,” ते म्हणाले. “ऐकाय हितं येतो.”

म्हणजे गेली दोन वर्षं भिंतीला टेकून डोळे मिटून बसणारा हा माणूस प्रत्येक गाणं माझ्याबरोबरच पहिल्यांदा ऐकत होता. आणि ताईसारखा मीही त्याला दगड समजत होतो. मला इतकी लाज वाटली की मी परसात जाऊन उभा राहिलो. त्यांची ती सात-सात गाण्यांची रेकॉर्ड सहा महिने त्यांनी डोळ्यांनी वाजवली होती, आणि ती आता कुणालाच ऐकू येणार नव्हती. माझी गेली नव्हती. त्यांची गेली होती.

थोड्या वेळानं मी आत आलो, त्यांच्या बोटांना तूप लावलं, आणि पेटीतली दुसरी रेकॉर्ड काढून प्लेअरवर ठेवली. त्यांना विचारलं, पहिलं गाणं कसं असणार? ते जरा घुटमळले. मग म्हणाले, सुरुवातीला एकटं कुणीतरी, आणि मग सगळे एकदम. मी सुई ठेवली. एकटी गिटार चार वेळा तोच सूर वाजवत राहिली, मग ढोल, मग दुसरी गिटार, मग सगळे एकदम. दाजींनी डोळे मिटले. या वेळी मी रेकॉर्डकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहत राहिलो. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला. चार दिवस आम्ही तेवढंच केलं. त्यांनी सांगायचं, मी सुई ठेवायची. दोनदाच चुकले. मी आयुष्यात नंतर बरीच गाणी ऐकली, चांगल्या यंत्रांवर ऐकली, पण इतक्या सुखात ऐकल्याचं आठवत नाही.

जायच्या दिवशी जेवताना वडिलांनीच विषय काढला. जावयाला स्पष्ट विचारलं की पावणं, पोराला नेताय का न्हाई, एकदा सांगून टाका. दाजींनी घास ताटात ठेवला. म्हणाले, त्याची इच्छा असेल तर नेतो, आता नाही म्हणत नाही. आणि माझ्याकडे बघितलं. ताईचा वाढता हात थांबला.

मी म्हणालो, मी जात नाही, कारखान्यात बघतो.

वडील चकित झाले. वर्षभर जीव खाल्लास आणि आता जात नाही म्हणतोस, मग इथं राहून करणार काय, असं त्यांनी मला विचारलं. माझी नजर कोपऱ्यातल्या प्लेअरकडे गेली. मी भातात आमटी कालवत राहिलो.

“मामा, त्याला हितं काम हाय,” दाजी सासऱ्यांना म्हणाले.

वडिलांनी विचारलं, कसलं?

“माझं,” दाजी म्हणाले, आणि मान खाली घालून जेवायला लागले. वडिलांना वाटलं, दाजींच्या शेताचं काहीतरी असेल.