पेन्सिलींना कुलूप

हे बघा, हसायचं असेल तर तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागे ही गोष्ट जावयाला सांगितली, तर त्याने माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पुदिन्याचा चहा फवारला. चहाचा डाग पक्का असतो, हे मी रंगरसायनातला डॉक्टर म्हणून सांगतो. फजितीचा डाग त्याहून पक्का असतो. ते मात्र मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नाही.

झालं असं, की सगळा जन्म सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, प्रयोगशाळेत, कापडाला रंग चढवण्यात गेला. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता कागदाला चढवून बघू. आमच्याकडे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ज्येष्ठांसाठी चित्रकलेचा वर्ग भरतो. मी नाव घातलं. मुलीने रंगीत पेन्सिलींचा मोठा संच पाठवला, बरोबर दोन शाईची पेनं. मी केळी काढली, वांगी काढली. बाई 'छान' म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच छान म्हणतात, पण तरी.

आणि मग पेन्सिली नाहीशा व्हायला लागल्या.

आधी गर्द निळी गेली. मग गेरूच्या रंगाची. मग पोपटी! आता तुम्ही म्हणाल, घरी राहिल्या असतील. मीही तसंच म्हणालो. अहो, मी आधी स्वतःवरच संशय घेणारा माणूस. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येतो; परत आल्यावर दार ओढलं होतं का, याची शंका येते. पण पेन्सिली घरी नव्हत्या. गादीखाली नव्हत्या, फ्रिजमध्येही नव्हत्या. (हो, बघितलं. हसू नका.) आणि रसायनशास्त्रात वस्तू नाहीशी होत नसते. इथून गेली म्हणजे दुसरीकडे गेली. प्रश्न एवढाच, की कोणाकडे?

माझ्या शेजारी, एकाच टेबलावर, कोण बसायचं? धीरूभाई!

धीरूभाई म्हणजे जरीचे जुने सुरती कारखानदार. त्यांची जरी रंगासाठी आमच्या मिलमध्ये यायची, तेव्हापासूनची ओळख. कारखान्यात सगळे खानदेशी कारागीर, त्यामुळे मराठी बोलतात, पण व्याकरण स्वतःचं. स्वभाव इतका गोड, की वर्गाला येताना दर वेळी घरून डबा आणणार आणि पहिला घास मला देणार. "घ्या साहेब, सूनबाईने केलाय. लाजू नको."

मला सांगा, कारणाशिवाय कोणी इतकं गोड असतं का?

बरं, गोडवा राहू द्या. त्यांच्या प्रत्येक पेन्सिलीच्या शेपटाला सोनेरी जरीचा धागा गुंडाळलेला असतो. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "खूण हाय साहेब. अदलाबदल नाय होत."

खूण माझ्याही पेन्सिलींना आहे. शेपटाजवळ ब्लेडने दिलेल्या दोन बारीक चिरा. आता नीट विचार करा. चिरा कुठे? शेपटाला. धागा कुठे? शेपटावर! धाग्याखाली काय लपलंय, ते कोणाच्या बापाला दिसणार?

मी तिथल्या तिथे माझ्या पेन्सिली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवल्या.

पण पुराव्याशिवाय बोलायचं कसं? इतक्या वर्षांची ओळख. शब्द गेला तर माणूस गेला. मी मुकाट्याने बंदोबस्त केला. वर्ग संपायला आला, की सगळ्यांच्या आधी, पुढ्यात जे काही असेल ते एका हाताने झटक्यात पिशवीत लोटायचं. कोणी हात मारायच्या आत! पिशवी म्हणजे एका परिसंवादात फुकट मिळालेली, जाड स्पंजची, रेक्झिनची. तिच्यावर माझा फार जीव.

आमच्या मंदाचा, म्हणजे बायकोचा, नाही. ती म्हणाली, "अहो, द्या ती पिशवी इकडं. आतलं अस्तर फाटलंय, दोन टाके घालते."

"नको!" मी पिशवी पोटाशी धरली. माझा जुना कोट असाच 'बटण लावते' म्हणून नेला होता. बटण लागलं नाही. भांडेवालीकडून झाकणाचा स्टीलचा डबा मात्र घरात आला.

"मग नवं काहीतरी घ्या. कुलूपवालं घ्या. आणि बाहेर बंदूक घेऊन एक माणूस बसवा."

हा टोमणा होता, हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मी भागळच्या बाजारात पोहोचलो होतो.

तिथे एका गल्लीत पेन-पेन्सिलींचं जुनं दुकान आहे. हेतलबेन चालवतात. चेहरा हसरा, बोलणं तिखट.

"बोलो काका, केवुं जोईए?"

"न फाटणारं, न गंजणारं, आत पेन्सिली न आपटणारं. प्रवासात नेता येईल असं. आणि कुलूपवालं."

"अंदर शुं मूकवानुं, काका? सोनुं?"

बघा, पहिलाच प्रश्न आत काय ठेवणार! मी नुसतं 'दाखवा' म्हटलं.

त्यांनी पत्र्याचा डबा काढला. मी म्हटलं, नको. पत्र्यात पेन्सिल आपटली की शिसं आतल्या आत तुटतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. आमच्या पिढीतल्या पुरुषांसारखं. मग कापडाची गुंडाळी दाखवली, एकेका पेन्सिलीला एकेक कप्पा. सुरेख! पण बांधायला नाडी. नाडी काय, कोणीही सोडतो. मग रबराचा, टेबलावर उभा राहणारा पाउच आला. मी तो नाकाशी धरून वास घेतला. स्वस्त रबर पेन्सिलीचा रंग खातं, म्हणून.

"काका, खावानुं नथी!" हेतलबेन म्हणाल्या. शेजारच्या गिऱ्हाईक बाई खुदकन हसल्या.

शेवटी तो निघाला. कडक पाठीचा, चारी बाजूंनी झिप, आत इलॅस्टिकच्या पट्ट्या, पेनांसाठी वेगळा कप्पा, आणि झिपच्या दोन टोकांना इवलंसं पितळी कुलूप! मी लगेच पिशवीतल्या पेन्सिली काढून एकेक त्यात बसवल्या. बसवल्याशिवाय कळणार कसं? बारीक बघायचं म्हणून जवळचा चष्मा लावला, लांबचा काढून रिकाम्या पिशवीत टाकला, पिशवी काउंटरवर ठेवली.

आता एकच शंका उरली. हा पाउच ब्राउन, का मरून?

तुम्हाला वाटेल, काय फरक पडतो? अहो, डाइंगवाल्याला विचारा! आमच्या धंद्यात एक नियम, की ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. ट्यूबखाली गळ्यात गळे घालणारे दोन रंग उन्हात गेले की भांडायला उठतात. म्हणून मिलमधला माणूस हातात कापड आलं की उजेडाकडे चालू लागतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. पाय आपले आपण जातात.

माझेही गेले. हेतलबेन दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. मी पाउच घेऊन दारात आलो. वर निळी ताडपत्री, तिचा निळा उजेड. कामाचा नाही. गल्लीच्या तोंडाशी आलो, तर मेट्रोच्या कामाचे रंगीत पत्रे लावलेले, त्यांची झाक पाउचवर. तेही खोटं. जरा पुढे, आणखी जरा पुढे, असं करत करत कोपऱ्यावर, जिथे खरं ऊन पडलं होतं, तिथपर्यंत पोहोचणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"काकाऽऽ! ओ काका! ऊभा रहो! तमारुं रही गयुं!"

मी वळलो. डोळ्यांवर जवळचा चष्मा! त्यातून हाताच्या पलीकडचं जग म्हणजे नुसता धुरळा. एक गुलाबी आकृती पळत येत होती आणि तिच्या हातात काहीतरी लोंबत होतं.

आणि मला सकाळचा संदेश आठवला. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आलेला. 'ज्येष्ठांनो, सावध! एक बाई मागून हाक मारते, काका, तुमचं काहीतरी राहिलं. तुम्ही थांबता, आणि तिचा साथीदार तुम्हाला लुबाडतो.' मी तो वाचून लगेच तिन्ही मेव्हण्यांना पाठवला होता. शब्द न् शब्द तोच!

मी थांबतोय कशाला? पाउच काखेत घट्ट दाबला आणि सुटलो. ती आकृतीही सुटली. "काका! अरे काका!" माझे गुडघे कुरकुरले, चप्पल निघायला आली. समोर लोचोचं, आमच्या त्या वाफवलेल्या डाळीच्या सुरती खाण्याचं, दुकान दिसलं, म्हणजे वाफ दिसली, आणि मी थेट त्या वाफेत घुसलो.

"बचावो! ए बाई मारी पाछळ पडी छे!"

चमचे थांबले. सगळी डोकी आधी माझ्या टकलाकडे वळली, मग दाराकडे.

एकजण हळूच म्हणाला, "आ उंमरे, काका?"

काय हसू फुटलं म्हणता! आणि त्या हशातून एक ओळखीचा आवाज आला. "अरे, डॉक्टर साहेब! तुमी इथं?"

आवाजाच्या रोखाने जवळ गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर लोचोची बशी पुढ्यात घेऊन धीरूभाई!

तुम्हाला काय वाटतं, मला हायसं वाटलं? छे! माझ्या डोक्यात वीज चमकली. साथीदार! संदेशातला साथीदार तो हाच!

तोवर बाई आत आल्या, धापा टाकत. माझ्यासमोर टेबलावर काहीतरी ठेवलं. "काका, केटलुं दोडो छो! थेलो भूली गया. चश्मा पण अंदर छे."

मी पिशवीत हात घातला, लांबचा चष्मा लावला. समोर हेतलबेन. घामाने डबडबलेल्या.

"अने आ कोनुं?" मघाचा तो चोंबडा माझ्या काखेकडे बोट दाखवत म्हणाला.

मी खाली बघितलं. काखेत दुकानाचा पाउच. किमतीची चिठ्ठी त्याला लोंबत होती. एक पैसाही न देता मी तो घेऊन भर बाजारातून पळत सुटलो होतो, आणि वर मीच 'बचावो' ओरडलो होतो. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

तेव्हा धीरूभाई उठून उभे राहिले.

"ए, काय बघता? साहेब रंगवाले हाय. रंगवाला माणूस माल घेऊन उन्हात जातोच. माझी जरी पण असेच बाहेर घेऊन जायचे, आणि परत पण आणायचे. हे कोणाची काडी पण नाय घेणार. मी सांगतो ना!"

हेतलबेनना आश्चर्यच वाटलं. "पण मने क्यां शंका छे? काका पाछा आववाना ज हता."

काका परत येणारच होते, म्हणे! म्हणजे बघा. त्या अख्ख्या बाजारात संशय घेणारा माणूस एकच होता.

धीरूभाईंनी मला बसवलं, हेतलबेनना बसवलं, लोचो मागवला, वर लोणी जास्त घालायला सांगितलं. मग पाउच हातात घेऊन फिरवून बघितला. "मस्त हाय. पण साहेब, कुलूप कशाला?"

मी त्यांच्या डोळ्यांत रोखून बघितलं. "वर्गात हल्ली भरवसा राहिला नाही, धीरूभाई. पेन्सिली जातात."

"हां!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "माझ्या पण गेल्या! मी नातीवर ओरडलो, तूच घेतल्या म्हणून. लई रडली पोरगी. दोन दिवस बोलली नाय माझ्याशी."

चोराच्या उलट्या बोंबा! मी मनात म्हणालो. एवढं गोड बोलून वर नातीला पुढे करतो! आता नाही बोललो, तर कधीच बोलणार नाही. मी घसा साफ केला, टेबलावर पुढे वाकलो आणि म्हणालो, "धीरूभाई, खरं सांगा, तुमच्या त्या जरीखाली..."

तेवढ्यात बशी ठेवायला जागा हवी म्हणून हेतलबेननी माझी जुनी पिशवी उचलली. ती खुळखुळली.

"काका, आमां तो कंईक छे!" त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. काही पडलं नाही. मग फाटक्या अस्तरात दोन बोटं घातली आणि एकेक काढून लोचोच्या बशीशेजारी मांडायला सुरुवात केली. गर्द निळी. गेरूच्या रंगाची. पोपटी. शेपटाला दोन-दोन चिरा.

मग एक हिरवी. शेपटाला सोनेरी जरी.

मग एक पिवळी. जरी. मग एक जांभळी. तिलाही जरी!

कोणी हात मारायच्या आत पुढ्यातलं सगळं पिशवीत लोटणारा हात कोणाचा होता, हे तुम्हाला आठवत असेलच. मलाही आठवलं.

धीरूभाई त्या पेन्सिलींकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "हां साहेब, काय म्हणत होते? जरीखाली काय?"

"जरी..." मी म्हणालो. "जरी छान दिसते. पेन्सिलीला."

धीरूभाई हसायला लागले ते थांबेचनात. पोट धरून हसले. डोळे पुसले. मग फोन काढून लावला आणि माझ्या हातात दिला. "नात हाय. तुमीच सांगा."

आता काय करता? मी, रंगरसायनातला डॉक्टर, भर लोचोच्या दुकानात फोन कानाला लावून म्हणालो, "बेटा, तुझ्या दादाजींच्या पेन्सिली माझ्याकडे होत्या हं."

पलीकडून स्वच्छ आवाज आला, "तमे लीधी'ती?"

"घेतल्या नव्हत्या गं. त्या आपोआप माझ्या पिशवीत आल्या."

"बधा चोर एवुं ज कहे," ती म्हणाली. सगळे चोर असंच म्हणतात, म्हणे!

फोन लाउडस्पीकरवर होता. दुकान पुन्हा हसलं. दंड म्हणून मी तिला आइसक्रीम कबूल केलं, आणि तिने त्यावर एक अट घातली, ती मी तिथेच मान खाली घालून मान्य केली.

पाउच घेतला. ब्राउन का मरून, ते उन्हात बघायचं राहूनच गेलं. घरी आणून मंदासमोर ठेवला. तिने उलटसुलट करून बघितला, कुलूप ओढून बघितलं.

"चांगला आहे. किल्ली कुठाय?"

"धीरूभाईंकडे. त्यांच्या नातीची अट."

चिडली की मंदा खानदेशात पोहोचते. "तुमले येड लागनं का काय! पेन्सिली तुमच्या, कुलूप तुमचं, आणि किल्ली त्यांच्याकडं? का म्हणून?"

मी आवाज खाली आणला.

"अगं, वर्गात चोर आहे ना!"